अधिक-वजा

काकांनी फॉर्म भरूनच आणला होता. सकाळचा पहिला चहा अजून पेल्यात होता, तपासणीच्या बेंचवर पाण्याचे दहा मीटर चढवायचे होते, आणि काकांनी खिशातून चौघडी कागद काढून बेंचच्या कडेला एक कोरडी जागा शोधली, तिच्यावर पुन्हा फडका मारला आणि कागद तिथे उलगडून ठेवला. “सही कर,” ते म्हणाले. “वाचून कर. नाहीतर उद्या म्हणशील काकांनी फसवलं.” तिनं वाचलं. पाणीमीटर तंत्रज्ञ, संध्याकाळचा अभ्यासक्रम, दोन वर्षं, फी कंपनी भरणार. दरवर्षी प्रत्येक खात्यातून एकच नाव जायचं आणि ते खात्याच्या प्रमुखानं, म्हणजे इथे काकांनी, द्यायचं, असा नियम होता. नाव, वय, पत्ता सगळं काकांनी आपल्या गोल शाळकरी अक्षरात लिहिलं होतं. शिक्षणाच्या रकान्यात ‘बारावी पास’. आणि खाली, शिफारस करणाऱ्यानं जिथे एखादी ओळ खरडायची असते तिथे, दाटीवाटीनं पाच ओळी. ‘सदर मुलीने कोणीही न शिकवता, स्वतःच्या डोक्याने, मोजमापात किती चूक असेल ते मोजण्याची पद्धत शोधून काढली आहे. ही पद्धत मोठ्या कॉलेजात शिकवतात असे इंजिनियर साहेबांकडून समजले. मी सत्तावीस वर्षे या बेंचवर आहे. असे डोके पाहिले नाही. हिला शिकवल्यास ही फार पुढे जाईल.’ तिनं ते दोनदा वाचलं आणि चहाचा पेला उचलला, तर चहा गार झाला होता.

पुढे जाईल यात खोटं काही नव्हतं. ती इतकी पुढे जाऊन आली होती की तिथून परत यायला तिला दोन वर्षं लागली होती. बारावी ती पास होतीच. फक्त बारावीच्या पुढे पदवी होती, पदवीच्या पुढे पदव्युत्तर, आणि त्याच्याही पुढे साडेचार वर्षं झिजून मिळवलेली भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट. हे सगळं तिनं लपवलं असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. तिनं ते एकेक करून उतरवून ठेवलं होतं, ऊन वाढत जाईल तसे अंगावरचे गरम कपडे काढावेत तसं. डॉक्टरेट मिळाली त्या वर्षी ती विद्यापीठांमध्ये अर्ज करत होती. जागा नव्हत्या, आणि जिथे होत्या तिथे त्या कुणाच्या आहेत हे आधीच ठरलेलं असायचं. मुलाखत घेणारे तिला चहा पाजून वाटेला लावायचे. मग तिनं कारखाने, शाळा, दुकानं, जे दिसेल ते धरलं. एका रंगाच्या कारखान्यातल्या साहेबांनी तिचा अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि अगदी मनापासून विचारलं, “तुम्ही इथे कशाला येता?” नोकरी हवी म्हणून, ती म्हणाली. “नाही हो टिकणार तुम्ही. दोन महिन्यांत कंटाळाल.” त्या वेळी कुणी तिला दोन महिने कंटाळू दिलं असतं तर ती त्यांची जन्माची ऋणी झाली असती. एका वाचनालयाच्या बाई तर म्हणाल्या, “तुम्हाला मी पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं तर मला रात्री झोप लागायची नाही.” लोकांच्या चांगुलपणानं तिच्या नाकी नऊ आले. शेवटी एके दिवशी तिनं अर्जातून डॉक्टरेट काढून टाकली, आणि बोलावणी वाढली. पदव्युत्तर काढली, तशी ती दुसऱ्या फेरीपर्यंत जाऊ लागली. पदवी काढली त्याच आठवड्यात पाण्याचे जुने मीटर दुरुस्त करून तपासणाऱ्या या कंपनीत ती लागली. मधली अकरा वर्षं काय केलं, असं मालकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आईचं आजारपण. आई त्या वेळी घरी खुर्चीवर चढून पंखा पुसत होती.

“काय झालं? सही येते ना?” काका म्हणाले. “संध्याकाळी देते,” ती म्हणाली. “घरी विचारते आधी.” काकांना ते पटलं. मुलीनं घरी विचारावं, हे त्यांच्या मते योग्यच होतं. “विचार. पण उद्या सकाळी ऑफिसात द्यायचाय. आणि चल आता, मीटर चढव, पाणी काही तुझ्यासाठी थांबणार नाही.” ती उठली. काका तिच्यावर दिवसातून आठ-दहा वेळा डाफरत आणि त्यातलं एखादंच कामापुरतं असे, बाकीचं प्रेमाचं. वायसर उलटा बसवला म्हणून, पाना ओल्यात ठेवला म्हणून, डबा अर्धा परत नेला म्हणून. तिचं नाव त्यांनी पहिल्याच महिन्यात थेंबुटी ठेवलं होतं, कारण तपासणी संपली की पाणी बंद करून सगळे टाकीच्या काचेवरचा आकडा वाचायला धावायचे आणि ही मात्र नळीच्या तोंडाशी लोंबणारा शेवटचा थेंब पडेपर्यंत उभी राहायची. “थेंबुटे, त्या एका थेंबात काय मोती आहे का?” असं काका म्हणायचे. पण तिसऱ्या महिन्यापासून तेही थांबायला लागले.

काम असं होतं. लांबलचक लोखंडी बेंचवर दहा मीटर एकापुढे एक, तोंडाला शेपूट लावून बसवायचे, दोन्ही टोकांनी आवळायचे आणि त्या सगळ्यांतून एकच पाणी सोडायचं. पाणी पलीकडच्या टाकीत पडतं. टाकीच्या अंगाला काचेची उभी नळी असते, तिच्यावर लिटरच्या रेघा. टाकीत शंभर लिटर आले तर मीटरनंही शंभरच सांगायला हवेत. फार कमीजास्त सांगितले तर तो मीटर परत दुरुस्तीच्या टेबलावर. आधी जोराचं पाणी, मग मध्यम, मग अगदी बारीक. जोराच्या पाण्यात सगळेच मीटर शहाणे असतात, बारीक पाण्यात त्यांची लायकी कळते, असं काकांचं म्हणणं होतं. बारीक पाण्याची तपासणी पाऊण तास चालते आणि त्या पाऊण तासात करायचं काही नसतं, फक्त उभं राहायचं. ओल्या पितळेचा वास, पायांखाली लाकडी फळ्या, मीटरच्या काचेखाली ती इवलीशी लाल चांदणी फिरतेय न फिरतेय अशी. तिला ते आवडायचं. हे तिनं स्वतःशीही बरेच दिवस कबूल केलं नव्हतं. तिचा प्रबंध अत्यंत हळू वाहणाऱ्या द्रवांवर होता. साडेचार वर्षं तिनं केसाएवढ्या नळ्यांमधून थेंब सरकताना पाहिले होते, एकटीनं, बंद खोलीत, आणि त्याची एकशेऐंशी पानं झाली होती. ती पानं जगात चार जणांनी वाचली : तिच्या गाईडनं, दोन परीक्षकांनी आणि बांधणीवाल्यानं. त्यातल्या बांधणीवाल्यानंच काय ते मनापासून विचारलं होतं, “मॅडम, मध्ये मध्ये एवढी जागा कोरी का सोडलीत?”

काकांनी फॉर्मात लिहिलेली ती पद्धत, म्हणजे वहीतलं ते अधिक-वजा, तिच्या हातानं लिहिलं होतं, डोक्यानं नव्हे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातला प्रकार. वहीत प्रत्येक मीटरपुढे एक आकडा लिहायचा असे. काही मीटर काठावरचे असत, म्हणजे आत्ता पास, पुन्हा तपासला तर नापास. असा मीटर आला की तिला राहवायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती तो पुन्हा लावायची, दोनदा, तीनदा, आणि आकडे किती इकडेतिकडे होतात ते पाहून मूळ आकड्यापुढे पेन्सिलनं बारीक अक्षरात अधिक-वजा अमुक असं लिहून ठेवायची. जो मीटर फार हेलकावे खायचा तो तिच्या हातून पुढे जायचा नाही, मग त्याचा आकडा कितीही गोंडस दिसो. चार महिन्यांनी काकांच्या लक्षात आलं की हिच्या हातचे मीटर तक्रार होऊन परत येत नाहीत. सहा महिन्यांनी त्यांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, हे काय गं? आणि तिथे तिची चूक झाली. पेन चालतं का बघत होते, असं काहीतरी ती म्हणाली असती तर मिटलं असतं. पण तिला शिकवायची सवय होती, दोन वर्षं तिनं पदवीच्या मुलांना हेच शिकवलं होतं, आणि विचारणाऱ्याचा चेहरा खरा होता. तिनं सांगितलं. तोच मीटर, तेच पाणी, तरी दरवेळी आकडा थोडा वेगळा येतो ना काका, मग एकच आकडा लिहिणं म्हणजे थोडी थापच झाली. किती वेगळा येऊ शकतो तेही लिहावं. काकांनी वहीची मागची पानं चाळली. “हे तुला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “असंच. सुचलं.”

‘सुचलं’ या एका शब्दानं घात केला होता. काकांनी ते तीन-चार महिने कुणाला सांगितलं नाही, मनातल्या मनात घोळवलं. स्वतः जुने मीटर लावून, आकडे मांडून पाहिले. मग मागच्या आठवड्यात बाहेरचे इंजिनियर टाकीच्या रेघा तपासायला आले तेव्हा वही त्यांच्यापुढे धरली. साहेब म्हणाले, हे तर कॉलेजात शिकवतात, कुणी लिहिलं? “मी म्हटलं, आमच्या पोरीनं,” काका आत्ता दुसऱ्या चहाला सुतळीला सांगत होते, तिसऱ्यांदा. “बारावी पास आहे म्हटलं, साहेब. साहेब बघतच राहिले.” सुतळी म्हणजे बेंचवरची दुसरी मुलगी, लांब आणि किडकिडीत, म्हणून सुतळी, सव्वीस वर्षांची, खरोखरीची बारावी पास, चार वर्षं याच बेंचवर. सुतळी हसली आणि तिनं पेले गोळा केले.

तो फॉर्म तिनं डब्याच्या पिशवीत ठेवला होता. मीटर चढवताना तिला त्या पाच ओळी आठवत राहिल्या, पाठच होऊन गेल्या, आणि तिला आनंद होत होता. हे जरा विचित्रच होतं. खोट्यावर उभ्या असलेल्या पाच ओळी, त्यात एक अर्धं वाक्य चुकीचं, आणि त्या वाचून तिला जो आनंद झाला तो काळा झगा घालून पदवी घेताना झाला नव्हता. त्या दिवशी तर ती बाबांच्या चेहऱ्याकडेच पाहत होती, फोटोत डोळे मिटतात की काय म्हणून. गाईड म्हणाले होते, छान, आता पुढे काय? सगळे तेच म्हणाले होते. आणि पुढे काही नव्हतं. ती शिडीच्या टोकाला चढली होती आणि तिथे माळाच नव्हता. तीस वर्षांची डॉक्टर बाई म्हणजे जिचं सगळं होऊन गेलंय आणि तरी काही झालेलं नाही अशी बाई, लोक तिच्याशी बोलताना आवाज खाली आणत. बारावी पास मुलीचं तसं नसतं. तिला पुढे जायला जागा असते. ती काहीही शिकली की लोकांना कौतुक वाटतं, पाना नीट धरला तरी वाटतं. दहा महिने ती रोज सकाळी सातच्या बसनं इथे येत होती आणि रोज कुणीतरी तिच्याकडे ‘हिचं पुढे चांगलं होईल’ अशा नजरेनं पाहत होतं. तिला ती नजर हवी होती. पगार हवा होता, तो कुठेही मिळाला असता कदाचित, पण ही नजर तिला याआधी फक्त शाळेत मिळाली होती आणि ती तिला सोडवत नव्हती.

घरी नेमकं उलट होतं. बाबांना ती एका पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे एवढंच माहीत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, पाणी होतंच. बाबांनी त्याची शेजारीपाजारी जलसंशोधन संस्था करून टाकली होती. दाराच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली तिचं नाव होतं, त्याच्याआधी ‘डॉ.’, आणि ‘डॉ.’ची अक्षरं त्यांनी स्वतःच्या नावापेक्षा मोठी करून घेतली होती. घरातलं कुणी तिला काम सांगत नसे. पाण्याचा पेला उचलला तरी आई म्हणायची, “राहू दे गं, दमून आलीयस, तुझं डोक्याचं काम.” बोटांना पितळेचा हिरवट डाग पडायचा, तो ती बस यायच्या आधी लिंबाच्या सालीनं घासून काढायची. म्हणजे इथे अकरा वर्षं लपवायची आणि तिथे बोटं. संध्याकाळी बसमधल्या त्या चाळीस मिनिटांत ती कुणीच नसायची, आणि त्या वेळात तिला छान झोप लागायची.

जेवणाच्या सुट्टीत सुतळी तिच्याशेजारी येऊन बसली. दोघी रोज खिडकीखालच्या उलट्या खोक्यांवर बसत. आज सुतळी डबा उघडून नुसतीच बसली होती. “सही केलीस?” तिनं विचारलं. “नाही अजून.” “कर की. काका केव्हाचे खूश आहेत. एवढे तर ते मुलीच्या लग्नातही खूश नव्हते, तेव्हा रडत होते.” दोघी हसल्या. मग थोड्या वेळानं सुतळी म्हणाली, “मला वाटलं होतं या वर्षी माझं नाव देतील.” हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की त्यात तक्रार शोधूनही सापडली नसती. “चार वर्षं झाली ना. मी पुस्तकही आणून ठेवलं होतं, त्या परीक्षेचं. वाचत पण होते. काही काही कळायचं.” “मग तू जा ना,” ती म्हणाली. “मी कशाला? मी सांगते काकांना.” “वेडी आहेस का?” सुतळी म्हणाली. “सुरुवातीला मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. आईला पण तसंच म्हटलं. पण मग काकांनी ती तुझी वही दाखवली. मी तीच बारावी झालेय गं, तेच मीटर मी चार वर्षं बघतेय. मला एकदापण नाही सुचलं. तुला चार महिन्यांत सुचलं. मग म्हटलं, आपलं डोकंच तेवढं आहे, उगाच कशाला ताणायचं. ते पुस्तक मी भावाच्या कपाटात टाकलं.” आणि तिनं डब्यातलं खायला सुरुवात केली, शांतपणे, एखादी गोष्ट उरकल्यासारखी.

थेंबुटीनं हातातला घास परत डब्यात ठेवला. तिला त्या क्षणी आपली शरम वाटली, अगदी उघड, कान गरम करणारी शरम. आजवर तिनं या खोट्याचा हिशेब असा मांडला होता की यात कुणाचं काही जात नाही. डॉक्टरेट लपवली तर नुकसान झालंच तर आपलं, आपणच आपली किंमत उतरवून घेतली, त्यात दुसऱ्याच्या पोटावर पाय कुठे आला? आणि इथे तर एका मुलीनं तिच्याशी स्वतःला लावून पाहिलं होतं. बारावी आणि बारावी, एका ओळीत बसवलेले दोन मीटर, एकच पाणी. आणि त्यातून सुतळीनं स्वतःचा आकडा काढला होता, तो चुकला होता, आणि चूक कुठे आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तिला वाटलं, इथेच सांगून टाकावं. “सुतळे, ऐक,” असं ती म्हणालीसुद्धा. पण काकांनी बेंचवरून हाक मारली, बारीक पाण्याचा घाणा लावायचा होता, आणि सुतळी डबा झाकून उठली.

बारीक पाणी सुरू झालं. पाऊण तास. चांदण्या सरकत होत्या. तिनं सगळे रस्ते चाचपून पाहिले, आणि खरं सांगायचं तर आधी तिनं पळवाटाच पाहिल्या. घरून परवानगी नाही म्हणावं, मग जागा आपोआप सुतळीला जाईल. पण सुतळीला जागा मिळाली असती, डोकं नसतं मिळालं. थेंबुटी नाही म्हणाली म्हणून उरलेलं आपल्या वाट्याला आलं, असं ती जन्मभर म्हणत राहिली असती. सही करावी? तो वर्ग तिला दिसायला लागला. संध्याकाळची वेळ, फळ्यावर कुणीतरी नळी काढतंय, दाब आणि वेग, आणि ती शेवटच्या बाकावर, मुद्दाम एखादं उत्तर चुकवतेय. तिला तिथे बसायचंही होतं. हे तिला स्वतःलाच ऐकवलं नाही, पण होतं. सगळं पहिल्यापासून, कुणीतरी शिकवतंय, आपल्याला येतंय, शाबास. फक्त सुतळीला सांगावं आणि काकांना नाही? सुतळीच्या पोटात दोन दिवस राहिलं नसतं. आणि काकांना सांगितलं तर? नोकरी जाईल कदाचित. तिनं त्यावर थोडा विचार केला आणि तिला दिसलं की नोकरी जाण्याची भीती तिला वाटतेय, पण दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरची भीती काकांच्या चेहऱ्याची होती. ते डाफरतील, ओरडतील, खोटारडी म्हणतील. म्हणू देत. तिनं मनात त्यांना दोनतीनदा ओरडायला लावून पाहिलं आणि ते तिला सहन झालं. शेवटचा थेंब पडला. काच वाचून तिनं आकडे लिहिले.

साडेचारला सुतळी दुरुस्तीच्या टेबलावर परत गेलेले मीटर आणायला गेली. काका सील करायच्या टेबलाशी होते. पास झालेल्या मीटरला तार ओवायची, तिच्यावर शिशाची गोळी चेपायची, असं ते एकामागून एक करत होते. तिनं फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. “केलीस?” “नाही. काका, ते अधिक-वजा मी शोधलेलं नाही. मला ते शिकवलंय.”

“कुणी?”

“कॉलेजात. पहिल्याच वर्षी शिकवतात. नंतर मीही शिकवायचे.”

काकांच्या हातातला चिमटा गोळीवर तसाच राहिला. मग तिनं सगळं सांगितलं, तोंडी परीक्षेत सांगावं तसं, क्रमानं, न थांबता : पदवी, त्याच्या पुढची, त्याच्याही पुढची, प्रबंध, रंगाचा कारखाना, वाचनालयाच्या बाई, एकेक काढत आणलेला अर्ज. काका मध्ये एकदाच बोलले. “म्हणजे तू डॉक्टर आहेस?” “औषधवाली नाही.” “तेवढं कळतं मला.” त्यांनी गोळी चेपली, तार तोडली, तो मीटर बाजूला ठेवला. “आणि आईचं आजारपण?” “आई बरी आहे.” “बरी आहे ना,” काका म्हणाले, “चांगलं झालं,” आणि ते त्यांनी खरंच आईबद्दल म्हटलं.

ती ओरड्याची वाट पाहत होती. तयारीतच होती, हात मागे बांधून. काकांनी फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि आपल्याच पाच ओळी वाचल्या, ओठ हलवत, सावकाश. “म्हणजे स्वतःच्या डोक्यानं नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“पुस्तकात होतं.”

“हो. पुस्तकातच होतं.”

“आम्हाला काही कळत नाही गं, मी इंजिनियरसाहेबांना सांगून बसलो,” ते म्हणाले, आणि थोडं हसलेही, स्वतःवरच. “घरी पण सांगितलं. मी नववीत सोडली शाळा. बायको म्हणते, तुम्ही सत्तावीस वर्षं एकच काम करता, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही. त्या दिवशी तिला म्हटलं, बघ, आपल्यासारख्यांच्या डोक्यातही असतं. फक्त कुणी विचारत नाही. आमच्या बेंचवरच्या पोरीनं दाखवून दिलं म्हटलं.” त्यांनी फॉर्मची पुन्हा चौघडी केली, होती तशीच, घडीवर घडी. तिला काहीतरी बोलायचं होतं. तुम्ही स्वतः मीटर लावून आकडे मांडून पाहिलेत काका, ते तर तुमच्याच डोक्यानं होतं, असं काहीसं. ते खरंही होतं. पण तिच्या तोंडून ते आता शाबासकीसारखं ऐकू आलं असतं, वरून खाली दिलेल्या, आणि तिला ती देता येईना. आपण एवढं शिकलो म्हणून कुणाच्या तरी नजरेतून उतरू शकतो, हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. “मालकांना सांगणार?” तिनं विचारलं. काकांनी मान हलवली, नाही म्हणून. “काम चोख आहे. मला कशाला विचारायला येतील? सुतळीला तूच सांग. आजच सांग. फार मनाला लावून घेतलंय तिनं, मला दिसत होतं, पण मला वाटलं, जिचं डोकं तिचा मान.”

ऑफिसातून नेहमी दोन फॉर्म देत, एक बिघडला तर असावा म्हणून. काकांनी टेबलाच्या खणातून कोरा काढला. नाव, वय, पत्ता घातला, सुतळीचं. शिक्षण, बारावी पास. शिफारशीच्या जागी ते आले आणि पेन थांबलं. त्यांनी पेन दोनदा टेकवलं आणि उचललं. मग ते उठले, कोपऱ्यात पाहुण्यांसाठी ठेवलेलं स्टूल होतं ते घेऊन आले, फडक्यानं पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं. बेंचवर कुणी बसून काम करत नसे. दहा महिन्यांत ती त्या स्टुलावर कधी बसली नव्हती.

“बसा,” काका म्हणाले. “हे तुम्हीच लिहा. तुम्हाला नीट लिहिता येईल.”

ती बसली, कारण काय करावं ते तिला सुचेना. पेन तिच्या हातात होतं, काकांच्या हातानं गरम झालेलं. काका बेंचकडे गेले. मघाचे दहा मीटर अजून तिथेच आवळलेले होते, उतरवायचे राहिले होते, तिचे. त्यांनी पाना घेतला आणि टोकाचा आटा सैल केला.

“काका, राहू द्या, ते माझे आहेत. मी उतरवते.”

“असू द्या,” ते म्हणाले, तिच्याकडे न पाहता, आणि पहिला मीटर काढून त्यांनी त्यातलं पाणी पायाशी ओतलं.